मैद्याशिवाय हक्का नूडल्स: गाडीवरची चव, कोबी आणि अंड्यात

ठाणे स्टेशनातून पश्चिमेला उतरून नौपाड्यातल्या घरी चालत यायला मला पंधरा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात चायनीजच्या तीन गाड्या लागतात. दहा वर्षं मी आठवड्यातून दोनदा तरी त्यातल्या एकीवर थांबलो. मग गेल्या वर्षी रक्त तपासलं, एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६.९ आला; मधुमेहाच्या हद्दीत. डॉक्टरांनी कागदावर ‘मैदा, साखर, भात’ लिहून खाली दोन रेघा मारल्या. भात मी कमी केला, साखर सोडली. गाडीवरचं हक्का नूडल्स मात्र काही केल्या डोक्यातून जाईना.

त्यावर घरीच उपाय शोधायला चार महिने गेले. पहिले सहा प्रयत्न फसले आणि सहाही वेळा कारण एकच होतं: पाणी. म्हणून या लेखात कार्ब्सपेक्षा पाण्याबद्दल जास्त लिहिलंय, आधीच सांगून ठेवतो. मैदा काढणं सोपं आहे. त्याच्या जागी येणाऱ्या भाजीतलं पाणी काढणं हेच खरं काम.

एका रजेच्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला मी आमच्या नेहमीच्या गाडीसमोर चहा पीत उभा होतो. गाडी अजून लागायची होती. आचारी मोठ्या पातेल्यात नूडल्स उकळत होता. पूर्ण शिजायच्या आतच त्याने ते चाळणीत ओतले, वरून थंड पाणी मारलं, दोन पळ्या तेल टाकून हाताने सुटे केले आणि परातीत पसरून टेबलफॅनखाली ठेवून दिले. मी विचारलं, “अभी से?” तो म्हणाला, “साहब, गीला नूडल कढाई में डालेगा तो खिचडी बनेगा.” संध्याकाळी सात वाजता तेच नूडल्स हाताला कोरडे, एकेक धागा सुटा. गिऱ्हाईकासमोर तो जे करतो ती शेवटची तीन मिनिटं. खरा स्वयंपाक दुपारीच झालेला असतो.

मी घरी नेमकं उलट करत होतो. ओला कोबी, वर मीठ, वर सॉस, मंद गॅस. तयार झाली ती कोबीची पातळ भाजी. आईने ताटात बघितलं आणि म्हणाली, “अरे, यात हरभऱ्याची डाळ घालायची राहिली का?”

आधी थोडा हिशेब. मैद्याच्या १०० ग्रॅम कोरड्या नूडल्समध्ये ७० ते ७५ ग्रॅम कर्बोदकं असतात. गाडीवरची फुल प्लेट सहसा एवढ्या किंवा याहून जास्त नूडल्सची असते. वर कॉर्नफ्लोअर, केचप आणि सॉसमधली साखर. त्याऐवजी १०० ग्रॅम कच्च्या कोबीत साधारण ६ ग्रॅम कर्बोदकं, आणि त्यातले अडीच ग्रॅम तंतू. अंड्यात कर्बोदकं अर्धा ग्रॅमच्या आसपास आणि प्रथिनं सहा ग्रॅम. खाली दिलेल्या मापाची एक प्लेट तंतू वजा करून १५ ग्रॅमच्या आसपास बसते. कांदा, गाजर जास्त घातलं तर आकडा चढतो, पण सत्तरपर्यंत काही जात नाही.

दुकानातल्या पाकिटांबद्दल इथेच सांगतो, कारण मीही फसलोय. ‘आटा नूडल्स’, ‘नाचणी नूडल्स’, ‘मिलेट नूडल्स’ यांत तंतू थोडे जास्त असतील, पण पाकीट उलटून मागचा तक्ता वाचा. कर्बोदकांचा आकडा बहुतेक मैद्याच्या शेजारीच घर करून असतो, आणि घटकपदार्थांत मैदाही दडलेला सापडतो. तांदळाच्या नूडल्सचं तर विचारूच नका.

आणखी एक, आणि हे गंभीरपणे. तुम्ही इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेत असाल, तर रात्रीच्या जेवणातली कर्बोदकं एकदम काढल्यावर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. ज्यांचं नाव ‘ग्लिफ्लोझिन’ने संपतं अशा मधुमेहाच्या गोळ्यांचाही अति-कमी कार्ब्सशी वेगळा धोकादायक संबंध आहे. डॉक्टरांना विचारून, डोस ठरवून मगच करा. मी विचारलं होतं.

नूडल्सच्या जागी काय

मी पाच गोष्टी करून बघितल्या. पाचही सारख्या नाहीत, म्हणून सारखी जागा देत नाही.

सर्वात चांगला निघाला तो कोबी आणि अंड्याच्या घावनाच्या पट्ट्यांचा जोड. कोबी कुरकुर देतो, अंडं मऊ लांब धागा देतं. नुसता कोबी घेतला तर कोशिंबीर चघळल्यासारखं वाटतं. नुसतं अंडं घेतलं तर चिरलेलं ऑम्लेट. दोन्ही एकत्र आले की काट्याला काहीतरी गुंडाळलं जातं, आणि नूडल्स खाण्यातलं निम्मं सुख त्या गुंडाळण्यात आहे.

झुकिनी परदेशी पाककृतींत सगळीकडे असते. आपल्याकडे महाग, आणि पाण्याने भरलेली. दुधी तिच्यापेक्षा स्वस्त आणि बरा. सालं काढून, मधला बियांचा मऊ भाग टाकून, बाहेरच्या घट्ट गराच्या लांब सळया कापायच्या, मीठ लावून वीस मिनिटं ठेवायच्या आणि पंचात घालून पिळायच्या. कापण्याआधी दुधीचा छोटा तुकडा कच्चा चाखून बघा. कडू लागला तर थुंका आणि अख्खा दुधी फेकून द्या. कडू दुधीतली द्रव्यं विषारी असतात, शिजवून जात नाहीत.

शिराताकी, म्हणजे कोंजॅक नावाच्या कंदाच्या पिठाचे पारदर्शक जपानी नूडल्स, ऑनलाइन मिळतात. जवळजवळ सगळं पाणी आणि थोडा तंतू, कार्ब्स नावापुरते. पाकीट उघडलं की माशांच्या बाजारासारखा वास येतो, कारण ते चुन्याच्या पाण्यात ठेवलेले असतात. वाहत्या पाण्याखाली दोन मिनिटं चोळून धुवायचे आणि मग कोरड्या कढईत पाच-सहा मिनिटं, चरचर आवाज थांबून चूं-चूं आवाज येईपर्यंत परतायचे. लांबी-रुंदीला अगदी नूडल्स, पण दाताला रबर. माझ्या मुलीला आवडले. मला परवडत नाहीत आणि आवडतही नाहीत.

पाचवा प्रयोग बेसनाच्या घावनाचा. चवीला उत्तम, पण ३० ग्रॅम बेसनातच १४ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं गेली, म्हणजे अख्ख्या प्लेटचा कोटा तिथेच संपला. सोडून दिला.

बाजार

जांभळी नाक्याच्या मंडईत सकाळी गेलात तर कोबी निवडायला मिळतो. इथे भाजीवाल्याचा सल्ला ऐकू नका. तो कडक, जड, घट्ट गड्डा हातात देईल, आणि भाजीसाठी तोच बरोबर आहे. पण घट्ट गड्ड्याची पानं आतून चुरगळलेली असतात, त्यांचे धागे आखूड आणि वाकडे निघतात. आपल्याला जरा सैल, चपटा, बाहेरची हिरवी पानं शाबूत असलेला गड्डा हवा. पावसाळ्यात कोबीत पाणी जास्त असतं, तेव्हा परतायला मिनिटभर जास्त धरा.

दोन माणसांसाठी: कोबी ३०० ग्रॅम, म्हणजे मध्यम गड्ड्याचा अर्ध्याहून थोडा कमी. अंडी चार. सिमला मिरची एक. फरसबीच्या सहा-सात शेंगा. गाजर बोटभर, फक्त रंगापुरतं. पातीच्या कांद्याच्या चार काड्या, पांढरा भाग आणि हिरवी पात वेगवेगळी चिरलेली. लसणाच्या आठ-दहा पाकळ्या, पेराएवढं आलं, दोन हिरव्या मिरच्या. सोया सॉस एक मोठा चमचा, व्हिनेगर एक छोटा चमचा, मिरपूड अर्धा छोटा चमचा, तेल तीन मोठे चमचे. मीठ शेवटी, चाखून.

सोया सॉसच्या बाटलीचा मागचा भाग वाचा. ‘डार्क’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच सॉसमध्ये साखर आणि कॅरॅमल असतं. रंगासाठी एक छोटा चमचा डार्क, बाकी लाइट, असं मी करतो. रक्तदाब असलेल्यांनी मापाचा चमचाच वापरावा, बाटली तिरकी करून ओतू नये. एका मोठ्या चमचाभर सोया सॉसमध्ये साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची मर्यादा २००० मिलिग्रॅम सांगते.

अजिनोमोटो घालायचं की नाही, यावर आमच्या घरात दोन तट आहेत. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ही चव वेगळी काढली. टोमॅटोत आणि मुरलेल्या चीजमध्ये तीच चव निसर्गतः असते. वजनाला वजन धरलं तर त्यात मिठाच्या साधारण एक तृतीयांश सोडियम असतं. मी चिमूटभर घालतो आणि मीठ तेवढं कमी करतो. बायको घालत नाही. ज्या दिवशी ती करते त्या दिवशी मी गप्प बसून खातो.

कोबीचे धागे

गड्ड्याचे चार उभे भाग करा, देठाचा कडक गाभा तिरका कापून काढा. मग पानं सुटी करा. चार-पाच पानं एकावर एक ठेवून तळहाताने सपाट दाबा. पानाची मधली जाड शीर सुरी आडवी धरून तासून टाका, ती राहिली तर धागा मध्येच काडीसारखा कडक लागतो. आता पानाची लांब बाजू बघा आणि त्या बाजूने अर्धा सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा. विळीवर बारीक चिरू नका. कोशिंबिरीसाठी चिरतो तसा केसासारखा कोबी कढईत गेल्यावर मिनिटभरात लगदा होतो.

कोबी कापण्याआधी गड्डा धुवा, कापल्यावर धुऊ नका. मी पहिल्यांदा चिरून चाळणीत धुतला होता. पट्ट्यांच्या घड्यांत अडकलेलं पाणी कितीही झटकलं तरी जात नाही.

आता कोबी सुकवायचा. मीठ लावून पिळण्याची पद्धत दुधीला चालते, कोबीला नाही, कारण मिठाने कोबीची कुरकुर जाते आणि पुढे सोया सॉस पडल्यावर सगळं खारट होतं. मी गाडीवाल्याची नक्कल करतो. कढई चांगली तापवून, तळाला तेलाचा नुसता हात फिरवून, निम्मा कोबी टाकायचा. मोठ्या आचेवर दोन मिनिटं, उलथण्याने सतत वरखाली. आधी वाफ येते, मग चरचर होते, मग एखाद-दुसऱ्या कडेला तांबूस डाग पडतो. डाग दिसला की परातीत काढा आणि पसरा. मग उरलेला निम्मा. दोन्ही मिळून पंख्याखाली किमान वीस मिनिटं. ढीग करून ठेवला तर स्वतःच्या वाफेत पुन्हा ओला होतो, म्हणून परात मोठी घ्या.

वीस मिनिटांनी चार धागे चिमटीत उचलून बघा. बोटाला ओल लागली तर आणखी थांबा. हे एकच पाऊल मी कधी टाळत नाही.

अंड्याचं घावन

चार अंडी, चिमूटभर मीठ, दोन छोटे चमचे पाणी. फेस न येता फेटायचं, कारण फेसाचे बुडबुडे तव्यावर भोकं पाडतात. फेटलेलं चहाच्या गाळणीतून गाळून घेतलं तर पांढऱ्याचे लोंबते धागे राहत नाहीत आणि घावन एकसारखं होतं. मला हे काम कंटाळवाणं वाटायचं, आता वाटत नाही.

निर्लेप तवा मध्यमपेक्षा मंद आचेवर ठेवा. तेलाचे दोन थेंब कागदाने पुसून घ्या. डावाने थोडं मिश्रण ओतून तवा लगेच फिरवा, आंबोळीसारखं जाड नको, तांदळाच्या घावनाहूनही पातळ. झाकण ठेवा, पाऊण मिनिटात वरचा ओलेपणा जातो. उलटू नका. तांबूस होऊ देऊ नका, रंग चढला की घावन चामडं होतं आणि कापल्यावर तुटतं. हलक्या हाताने ताटावर सरकवा. मध्यम तव्यावर चार अंड्यांची चार-पाच घावनं होतात.

गार झाल्यावरच एकेक घावन सैल गुंडाळी करून अर्ध्या सेंटिमीटरच्या पट्ट्या कापा आणि बोटांनी उलगडा. गरम असताना कापलं तर सुरीला चिकटतं. एकदा मी अंड्यात अर्धा छोटा चमचा इसबगोल घालून पाच मिनिटं ठेवलं होतं. पट्ट्या जास्त चिवट, जास्त नूडल्ससारख्या झाल्या. हुरूप येऊन पुढच्या वेळी पूर्ण चमचा घातला, तर तव्यावर गिळगिळीत रबर तयार झालं. अर्ध्याच्या वर जाऊ नका.

गुरुवारी आणि श्रावणात आमच्याकडे अंडं चालत नाही. तेव्हा घट्ट पनीर किंवा टोफू स्वच्छ पंचात गुंडाळून, वर पाटा किंवा पाण्याने भरलेलं पातेलं ठेवून अर्धा तास दाबतो. मग उभ्या पातळ कापांच्या लांब सळया. त्या तव्यावर थोड्या तेलात दोन बाजूंनी सोनेरी करून बाजूला ठेवायच्या आणि अंड्याऐवजी शेवटी घालायच्या. धागा लांब होत नाही, पण पोट भरतं. आईला हेच आवडतं. अंड्याचं तिने अजून चाखलेलं नाही.

शेजवान चटणी, तिरफळ घालून

बाजारातल्या शेजवान चटणीच्या बाटलीत साखर असते आणि बऱ्याचदा स्टार्चही. घरची चटणी पंचवीस मिनिटांत होते. शेजवान हा शब्द सिचुआन या चिनी प्रांतावरून आला, पण आपली लाल, लसणाळ शेजवान चटणी त्या प्रांतात कोणी ओळखणार नाही. तिथल्या स्वयंपाकात जिभेला मुंग्या आणणारी सिचुआन मिरी असते, आपल्या गाडीवर ती नसते. गंमत अशी की कोकणातलं तिरफळ याच मिरीच्या घराण्यातलं. दोन्ही वनस्पती झँथॉक्सायलम या एकाच प्रजातीतल्या. बांगड्याच्या आमटीत आजी जे तिरफळ टाकायची, ते शेजवानमध्ये टाकून बघावं हे सुचायला मला पंचेचाळीस वर्षं लागली. नौपाड्यात कोकणमेव्याच्या दुकानांत ते मिळतं.

दहा-बारा ब्याडगी मिरच्यांच्या बिया काढून त्या गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवा, निथळून वाटा. वाटताना भिजवलेलं पाणी दोन-तीन चमचेच. पाच-सहा तिरफळं फोडून आतली काळी बी टाकून द्या, फक्त सालं घ्या, ती खलबत्त्यात भरड कुटा. कढईत चार मोठे चमचे तेल, त्यात लसणाच्या पंधरा पाकळ्या आणि दीड इंच आलं, दोन्ही वाटून नाही, सुरीने बारीक चिरून. मंद आचेवर लसूण मऊ होईपर्यंत, लाल होईपर्यंत नाही. मग मिरचीचं वाटण, तिरफळ, मीठ, एक छोटा चमचा सोया सॉस. तेल सुटेपर्यंत आठ-दहा मिनिटं. शेवटी एक मोठा चमचा व्हिनेगर.

साखर नसल्याने पहिल्या घासाला ती धारदार लागते. तोल हवा असेल तर चटणीत अर्धा टोमॅटो किसून परता. केचप नको, एका मोठ्या चमचाभर केचपमध्ये साधारण चार ग्रॅम साखर असते. चटणी काचेच्या बाटलीत फ्रिजमध्येच ठेवा आणि आठवड्याच्या आत संपवा. तेलातला लसूण ओट्यावर बाहेर ठेवणं सुरक्षित नाही, व्हिनेगर असलं तरी.

शेवटची तीन मिनिटं

गाडीवाल्याची भट्टी आणि आपल्या ओट्यावरचा बर्नर यांची बरोबरी होत नाही. त्याच्याकडे ज्वाळा कढईच्या काठावरून वर येतात, आपल्याकडे तळाला चिकटून बसतात. म्हणून घरी एका वेळी एकच प्लेट करायची. दोघांचं एकदम टाकलं की कढई थंड पडते, भाजी पाणी सोडते आणि परतायच्या ऐवजी उकडायला लागते. गाडीवरही बघा, दहा ऑर्डरी असल्या तरी तो एकदोन प्लेटींच्या पुढे एका कढईत घालत नाही.

कढई लोखंडी हवी. निर्लेप भांडं इतकं तापवायचं नसतं, त्याच्या थरातून वाईट धूर निघतो. गॅस पेटवण्याआधी सगळं हाताशी लावून ठेवा: लसूण-आलं-मिरची एका वाटीत, फरसबी-गाजर-सिमला मिरची दुसऱ्या वाटीत, सोया आणि व्हिनेगर एकत्र तिसऱ्या वाटीत, कोबी परातीत, अंडं ताटात, पात आणि मिरपूड बाजूला. एकदा सुरू झालं की ‘अगं, मिरपूड कुठेय?’ विचारायला वेळ नसतो. सगळ्या भाज्या पातळ, उभ्या, लांब चिरा. फरसबी तिरकी. खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा. आमच्याकडे पहिल्यांदा धूर झाला तेव्हा शेजारच्या काकू दार वाजवून “सगळं ठीक आहे ना?” विचारून गेल्या, आणि जाताना वास घेऊन “चायनीज?” असंही.

मोठ्या आचेवर रिकामी कढई तापवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो जागेवर सुकायच्या ऐवजी मोत्यासारखा पळायला लागला की तयार. एक मोठा चमचा तेल टाकून कढई फिरवा. शेंगदाण्याचं रिफाइंड तेल बरं, तिळाचं टोस्टेड तेल अजिबात नको, ते जळतं. हवंच असेल तर शेवटी दोन थेंब.

एका प्लेटीचा लसूण-आलं-मिरची. मनात दहा मोजा, लसणाच्या कडा फिकट सोनेरी. अकरावर गेलात तर कडू. लगेच पातीचा पांढरा भाग आणि दुसरी वाटी. मिनिटभर, न थांबता. सिमला मिरचीचा वास बदलतो, रंग बदलत नाही, तेवढंच. मग कोबी. उलथण्याने दाबायचं नाही, खालून वर उचलायचं आणि सोडायचं. गाडीवाल्यासारखी कढई उडवायला जाऊ नका, आपली कढई जड असते आणि मनगट कच्चं.

अर्ध्या मिनिटाने भाजी एका बाजूला सरकवा आणि सोया-व्हिनेगर कोबीवर नाही, कढईच्या उघड्या गरम भिंतीवर गोल ओता. चर्र आवाज होऊन सॉस तिथेच फसफसतो, त्याचा पाण्याचा अंश उडून जातो आणि थोडा जळका, कॅरॅमलसारखा वास येतो. गाडीवरच्या चवीचं निम्मं रहस्य या एका चर्रमध्ये आहे असं माझं मत झालंय. सॉस वरून ओतला तर तो नुसता ओलावा होतो.

लगेच अंड्याच्या पट्ट्या, मिरपूड, आणि शेजवान हवं असेल तर एक मोठा चमचा चटणी. चार-पाच वेळा वरखाली. अंडं आधी घातलं तर तुकडे होतात. चाखा, मीठ लागलं तर आत्ता. गॅस बंद करून हिरवी पात. कॉर्नफ्लोअरची पेस्ट कुठेही नको. आपल्याकडे रस्साच नाही, तर तो घट्ट कशाला करायचा? चमचाभर कॉर्नफ्लोअर म्हणजे सात ग्रॅम कर्बोदकं फुकट.

कढई तशीच पुन्हा तापवा आणि दुसरी प्लेट करा. पहिली प्लेट थंड होऊ देऊ नका, ज्याला वाढली त्याने लगेच खावं. आमच्याकडे पहिली मुलीला, दुसरी मला.

बिघडलं तर

तळाशी पाणी दिसलं तर झाकण ठेवू नका, तो आपला जुना स्वयंपाकाचा हात आहे. सगळं परातीत काढा, कढई कोरडी तापवा आणि निम्मं-निम्मं पुन्हा अर्धा मिनिट फिरवा. निदान भाजी होण्यापासून वाचतं.

चव सपक लागली तर मीठ वाढवण्याआधी व्हिनेगरचे चार थेंब घालून बघा. बहुतेक वेळा आंबटच कमी असतं. खूप खारट झालं तर आणखी एक घावन करून कापून मिसळा, बटाटा घालू नका.

गोडसर चव आली तर कोबीचा दोष नाही. मोठ्या आचेवर कोबी स्वतःच थोडा गोड होतो. त्याला शेजवान किंवा हिरवी मिरची लागते.

ऑफिसच्या डब्यासाठी हा प्रकार चांगला नाही. सकाळी सहाला केलेला दुपारी एकला उघडला तर तळाला वाटीभर पाणी. मी आता दोन डबे नेतो: एकात सुकवलेला कोबी, अंडं आणि भाज्या सॉसशिवाय परतलेल्या, दुसऱ्या छोट्या डबीत सोया-व्हिनेगर-चटणी. खाताना मिसळतो. गरम नसतं, पण कुरकुरीत असतं.

गाडीवर थांबायचंच झालं तर काय घ्यावं, हेही शिकलो. मंचुरियनची ग्रेव्ही आणि मॅन्चो सूप कॉर्नफ्लोअरवर उभं असतं, सूपवर तळलेले नूडल्स वेगळे. चिली चिकन ‘ड्राय’ म्हटलं तरी तुकड्यांवर पिठाचं कवच असतं. मी आचाऱ्याला सांगतो, “अंडा भुर्जी चायनीज स्टाइल, कोबी-शिमला ज्यादा, नूडल मत डालना.” पहिल्यांदा त्याने मान वर करून बघितलं. आता तो मला येताना बघूनच अंडी फोडतो.

कढई

शेवटचं काम कढईचं. गरम असतानाच तिच्यात थोडं पाणी ओतून लाकडी उलथण्याने चिकटलेलं सोडवा, ओता, साबण न लावता काथ्याने घासा. पुन्हा गॅसवर ठेवून पूर्ण कोरडी करा आणि आतून तेलाचा बोळा फिरवा. तशीच ओली ठेवली तर सकाळी गंज चढलेला असतो आणि पुढच्या वेळी अंडं चिकटतं. आमची कढई आईची, १९८१ सालची, दापोलीहून आणलेली. तिच्यात चायनीज करतोय म्हटल्यावर आई पहिले दोन आठवडे नाराज होती. मग एका गुरुवारी तिने पनीरवाली प्लेट संपवली आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, “तिरफळाची ती चटणी उरलीय का? भाकरीबरोबर चालेल मला.”